डाव्या बाजूच्या गाठी

सोमवार, ३ फेब्रुवारी

तांदळात तोफ निघाली!

नखाएवढी. पितळेची. खडा समजून फेकणार होते, तेवढ्यात चमकली. शिजली असती तर कुणाची तरी दाढ गेली असती. तशीच उठले आणि नेऊन यांच्यासमोर आपटली. वाटलं, निदान ओशाळतील. कसलं काय! "अगं हीच! खालच्या रांगेतली! सकाळपासून शोधतोय मी!" आणि वर मलाच विचारतात, "तांदळात कशी गेली?" जशी काही मीच पेरली.

कशी जाईल? जेवायच्या टेबलावर यांनी जोडायला घेतलेलं जहाज. उरलेल्या वीतभर जागेत मी. खिडकीचा उजेड तिथेच येतो, म्हणून निवडणं-चिरणं तिथेच. आम्ही दोघं ताटं मांडीवर घेऊन जेवतो आणि टेबलावर हे लाकडी धूड ऐसपैस बसलेलं. घर कुणाचं — त्याचं की माझं?

मंगळवार, ४ फेब्रुवारी

आज पुन्हा जहाजाची गोष्ट ऐकली. मी विचारलं नव्हतं.

चारशे वर्षांमागचं, कुठल्याशा राजाचं लढाऊ जहाज. तीन डोलकाठ्या, तोफांच्या दोन रांगा. पाठीमागे सिंह, राक्षस, योद्धे, बायका — सगळे कोरलेले, रंगवलेले. एवढं नटूनथटून पहिल्या दिवशी बंदरातून निघालं. वाऱ्याची एक झुळूक आली. कलंडलं आणि बुडालं! अख्खं गाव काठावर बघत उभं.

इथवर आले की हे जहाजाच्या काठावर हात ठेवतात. मी म्हटलं, ज्याने धड एक फेरी मारली नाही त्याच्यापायी तुम्ही माझं टेबल अडवलंत?

"वरचा भाग जड झाला गं. खाली वजन कमी पडलं."

वजन! जन्मभर तेच. वजनमापं खात्यात तपासनीस होते. दुकानादुकानांत जाऊन तराजू पकडायचे. त्या राजाच्या वेळी हे असते तर म्हणे जहाज बुडूच दिलं नसतं. मी म्हटलं, निघूच दिलं नसतंत. अजून कागद तपासत बसला असतात.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

आज दातवाला आला. यांचा मित्र. दातांचा डॉक्टर होता, आता दवाखाना बंद केला. तोही आपल्या घरी हेच जहाज करतोय, दर गुरुवारी इथे येऊन दोघं एकमेकांचं कौतुक करतात आणि मनातल्या मनात चुका काढतात. जुन्या दवाखान्यातले आकडे, चिमटे घेऊन येतो. लोकांच्या तोंडात घातलेले आकडे माझ्या जेवायच्या टेबलावर! बोलताना माणूस डोळ्यांत बघतो, हा दाढांत बघतो. मी त्याच्यासमोर हसतच नाही.

भिंग लावून सगळं जहाज फिरून बघितलं आणि म्हणाला, "वहिनी, सुटलात! आता फक्त डाव्या बाजूच्या दोरशिड्या. प्रदर्शनाच्या आत होतंय बघा."

सोळा मार्चला नगरपालिकेच्या सभागृहात असल्या हातच्या कामांचं प्रदर्शन आहे. पहिल्याला पदक. यांना ते पदक एवढं हवंय की त्याचं नाव निघालं की आवाज बदलतो.

मला बरं वाटलं. टेबल मिळणार! दातवाल्याला दुसरा चहा दिला. हसलेसुद्धा. त्याने लगेच सांगितलं, उजवीकडची खालची किडलीय.

तो गेल्यावर हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. इकडेतिकडे बघितलं. फडताळं, डबे, ओटा. म्हणाले, "जहाज झालं की मी मोकळा. मग तुझं हे खातं हातात घेतो. फार अंदाधुंदी आहे इथे."

मी फडताळाचं दार लावून घेतलं.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

चहात साखरेऐवजी मीठ टाकलं. यांनी एक घोट घेऊन कप ठेवला. दारातून नुसतं फडताळाकडे बघितलं — आता फार दिवस नाहीत, अशा नजरेने.

विसरले नाही मी काही. निवृत्त झाल्यावर पहिले कितीतरी महिने हे स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून होते. चहा टाकला की, "पाणी जास्त झालं." कांदा चिरला की, "एका मापाचे तुकडे कर, एकसारखे शिजतात." डबे उंचीप्रमाणे लावले. म्हणजे मिठाचा डबा गेला सगळ्यात वर. मीठ काढायला मला स्टूल लागायचं, आणि स्टुलावर कोण? हे!

एकदा माझी मिठाची चिमूट तराजूत घालायला लावली. तीनदा. तिन्ही वेळा वेगळी भरली. तोंड असं केलं, जशी मी गिऱ्हाइकाला लुबाडताना सापडले. सगळ्या संसारभर जी चिमूट जेवले, ती खात्याने बाद केली!

मग लेकीने हे जोडायच्या जहाजाची पेटी आणून दिली. म्हणाली, "आई, बाबांना कशात तरी गुंतव, नाहीतर तू गुंतशील — पोलिसांत." त्या दिवसापासून स्वयंपाकघर माझं. त्याच्या बदल्यात टेबल गेलं. तांदळात तोफा आल्या. पण एकटीने कांदा चिरायला मिळाला. वाटेल तसा!

आता ते परत येणार. स्टुलासकट.

शनिवार, ८ फेब्रुवारी

शनिवारी सकाळी हे दाढी करायला न्हाव्याकडे जातात. घरी वस्तरा आहे. पण न्हावी गप्प बसून ऐकतो.

दार लागल्याबरोबर मी चष्मा लावला आणि त्या दोरशिड्या नीट बघितल्या. डोलकाठीपासून जहाजाच्या काठापर्यंत तिरपे दोर ताणलेत. त्यांच्यावर आडव्या पायऱ्या — खलाशांना चढायला. पायऱ्याही दोऱ्याच्याच. प्रत्येक पायरी प्रत्येक तिरप्या दोराला गाठ मारून अडकवलेली. मुंगीला फास लावावा तेवढी गाठ. उजवी बाजू झाल्यावर तिच्यावर गोंदाचा थेंब सोडला यांनी, ती आता दगड. डावीला गोंद नाही अजून. सगळी पुरी झाली, तपासून झाली, की मग एकदम.

तपासून झाल्याशिवाय शिक्का नाही. खात्याची सवय.

टाचणी घेतली. एक गाठ सैल केली. सुटली. दुसरी केली. मऊ सुटतात, मेण लावलेला दोरा ना! दोन पायऱ्या सोडल्या आणि ओट्याशी जाऊन कांदा चिरला. लहान, मोठा, तिरका, कसाही.

रविवार, ९ फेब्रुवारी

"अगं, इकडे ये! दोन पायऱ्या गेल्या!"

म्हटलं, कुठे गेल्या?

"सुटल्या!"

म्हटलं, बुडणारंच जहाज ते.

बुधवार, १२ फेब्रुवारी

काल हे पेन्शनच्या कामाला गेले, मी पुन्हा दोन-तीन सोडल्या. आज चौकशी बसली. एक म्हणे दमट हवा. दुसरं, मेण हलकं. तिसरं, उंदीर. संध्याकाळी पिंजरा आणला. मी विचारलं, उंदीर गाठी सोडतो कशाने? तर म्हणे, "तू सगळ्याला हसतेस." पिंजऱ्यात खोबऱ्याचा तुकडा लावला. खोबरं माझ्या डब्यातलं. न विचारता.

जेवढ्या हे बांधतात जवळजवळ तेवढ्या मी सोडते. बरोब्बर चाललंय. असं चाललं तर हे जहाज आमच्या दोघांनंतरच पुरं होईल.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

दातवाल्यावर आळ आला! मला आधी कळलंच नाही. हे भिंग लावून बसलेले, तो चहा पितोय, आणि हे एकदम — "मागच्या गुरुवारी तू या बाजूला किती वेळ होतास?"

"का रे?"

"तुझ्या डोलकाठ्या अजून उभ्या नाहीत. माझं पुढे गेलंय. सोसत नसेल."

दातवाला लालबुंद. "तीस वर्षं लोक तोंड उघडं टाकून माझ्यासमोर झोपले! कुणी असं बोललं नाही!" आकडे, चिमटे गोळा केले, एक माझ्या पालेभाजीत पडला होता तोही उचलला, आणि गेला. चहा अर्धा टाकून.

मी कप धुतला. अंगलट यायच्या आधी थांबावं का, असं मनात आलं. पण दारातून हे पुन्हा स्टुलाकडे बघत होते.

शनिवार, १५ फेब्रुवारी

हाव सुटली. मधल्या डोलकाठीची डावीकडची अख्खी शिडी सोडली. खालपासून वरपर्यंत. हात चालू लागला की थांबत नाही.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

तीन दिवस हे टेबलापाशी बसतात पण हात लावत नाहीत. आज दुपारी बघितलं तर दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवलेत आणि बघतायत. जसे कुणा दुसऱ्याचे.

"हात गेले गं माझे. गाठ बसत नाही. मी बांधतो आणि ती धरत नाही."

म्हटलं, काही गेले नाहीत. वारा असेल.

आपले आपणच डॉक्टरकडे जाऊन आले. डॉक्टरने बोटं मोजून घेतली, नाक धरायला लावलं, हात पुढे धरायला लावले. म्हणाला, काही नाही, माझ्याहून स्थिर आहेत. यांनी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. म्हणे डॉक्टर तरुण आहे.

जेवले नाहीत. मला शांतता हवी होती. पण असली नको. हे घरात असूनही घड्याळाची टिकटिक ऐकू येते, म्हणजे काहीतरी बिघडलंय.

गुरुवार, २० फेब्रुवारी

ठरवलं. सोडल्या तशा बांधायच्या. यांना वाटेल, गाठी बसल्या. हात परत आले. मग स्टुलाचं काय ते पुढे बघू.

सोपं वाटलं होतं. दुपारी हे आडवे झाले, तेव्हा बसले. जहाजासोबत आलेल्या पुस्तकात चित्र आहे — दोरा पुढून, मागून, वरून, खालून. वाचायला माझी चौथी पुरली, पण चित्रातली बोटं माझ्या बोटांच्या निम्मी. पहिली गाठ चष्म्याच्या काडीला बसली. दुसरी माझ्या बांगडीला. तिसरी कुठे बसली ते अजून सापडलेलं नाही. मग चित्र ठेवलं बाजूला आणि जशी पिशवीचं तोंड बांधते तशी बांधली. बसली!

मान आखडलीय. हा माणूस हे हौसेने करतो?

रविवार, २३ फेब्रुवारी

मधली शिडी पुरी केली. दुपारी रोज तेवढीच झोप काढतात, त्यात जेवढं होईल तेवढं. सकाळी हे टेबलाशी गेले. मी आतून कान लावून. आता ओरडतील — "अगं, बसल्या!"

काही नाही. 

मग स्वयंपाकघरात आले. स्टुलावर बसले नाहीत, भिंतीला टेकून उभे राहिले. हळू विचारलं, "अगं, मी त्या मधल्या पायऱ्या कधी बांधल्या?"

म्हटलं, बांधल्या असतील की. तुम्हीच बांधणार, अजून कोण.

"मला आठवत नाही."

चेहरा पांढराफटक. हात गेले होते तेव्हासुद्धा एवढा नव्हता.

हात परत दिले ते डोकं घेऊन! काय करून बसले मी?

सोमवार, २४ फेब्रुवारी

लेकीला फोन केला यांनी. दार लावून. मला ऐकू आलं ते एवढंच — "आईला सांगू नकोस."

बुधवार, २६ फेब्रुवारी

लेक आली. बापाला शेजारी बसवलं आणि लागली विचारायला. आज वार कुठला? महिना कुठला? शंभरातून सात गेले किती? हे ताठ बसून साहेबांसमोर उत्तरं द्यावी तशी देत होते. शंभरातून सात काढत काढत पार खाली उतरले. शेवटी तीच चुकली आणि यांनी तिला पकडली.

मग स्वयंपाकघरात मला — "आई, उत्तरं येतात म्हणजे काही नाही असं नसतं. मी ठरवलंय. तुम्ही दोघं माझ्याकडे चला. प्रदर्शन होऊ दे, मग सामान बांधू. हे घर बंद ठेवू."

म्हटलं, मला विचारलंस?

"तुला काय विचारायचं? तुलाही आराम. तिथे तुला कशाला हात लावावा लागणार नाही."

तेच तर! तिच्या स्वयंपाकघरात मला गॅससुद्धा पेटवू देत नाही. डब्यांवर नावं चिकटवलीत, नावांवर तारखा. बापाचीच लेक ती. यांच्या एका स्टुलाला भिऊन मी हा उद्योग केला, आणि आता माझं पुरतं स्वयंपाकघरच निघालं. चुलीसकट.

हे आतल्या खोलीत सगळं ऐकत होते. "नाही" म्हणाले नाहीत. जन्मात पहिल्यांदा कुणी काही ठरवलं आणि यांनी त्यात चूक काढली नाही.

शनिवार, १ मार्च

सांगितलं.

दोन दिवस तोंडाशी येऊन परत जात होतं. आज हे न्हाव्याकडेही गेले नाहीत. दाढी वाढलेली, खुर्चीत बसलेले. मी ताटं उचलली, हात पुसले आणि समोर बसले.

"अहो, त्या गाठी मी सोडल्या."

"कुठल्या?"

"डावीकडच्या. आणि नंतर बांधल्या त्याही मीच."

चष्मा काढला. पुसला. परत लावला. "उंदीर?"

"उंदीर नाही."

"आणि तो बिचारा दातवाला?"

"तोही नाही."

"म्हणजे माझे हात —"

"ठीक आहेत."

"आणि डोकं?"

"ते जसं होतं तसंच आहे. त्याला मी काही केलेलं नाही."

हसतील वाटलं. नाही हसले. तपासनिसासारखे बसून राहिले, दुकानदार कबूल होतो तेव्हा बसत असतील तसे. मग विचारलं, "का?"

"जहाज पुरं झालं असतं तर तुम्ही स्वयंपाकघरात आला असतात."

"एवढ्यासाठी?"

"तुम्हाला एवढं वाटतं. माझ्याकडे दुसरं आहे काय? तुमचं खातं होतं, कचेरी होती, साहेब होते, आता जहाज आहे. मला ओटा आहे. तिथेही तुम्ही तराजू घेऊन आलात."

चष्मा पुन्हा काढून टेबलावर ठेवला. "मी तुला एवढा नको होतो?"

"घरात हवे होतात," म्हटलं. "स्टुलावर नको होतात."

उठून गॅलरीत गेले. संध्याकाळपर्यंत तिथेच. मी चहा नेऊन ठेवला. प्यायले. म्हणजे अगदी तुटलेलं नाही.

रविवार, २ मार्च

बोलत नाहीत. पण जेवले. मीठ जास्त झालं होतं, तरी बोलले नाहीत. हे मात्र मला सोसवेना.

सोमवार, ३ मार्च

सकाळी मोठ्याने हाक आली. "इकडे ये. बांधून दाखव."

म्हटलं, काय?

"गाठ. तू बांधलीस म्हणतेस. दाखव."

विश्वासच नाही! कबुली दिली तरी पुरावा हवा. बसले. बांधली. भिंग लावून अशी बघितली जशी सोन्याची आहे. आणि टेबलावर हात मारला — "तरीच! सगळ्या उलट्या! तू फास उलटा फिरवतेस. मी आपला घाबरलोय, डोक्यात काही फिरलं आणि मी डावखुरा झालो की काय!"

हसले. पहिल्यांदा. मग लगेच खात्याचा आवाज — "सोड सगळ्या."

"सगळ्या?"

"तुझ्या सगळ्या. उलट्या चालणार नाहीत."

सोडत बसले. यांच्या देखत, यांच्या हुकमाने! चोरून सोडण्यात जी मजा होती ती यात नव्हती. मग यांनी माझ्या बोटांवर बोटं ठेवून फास फिरवायला शिकवला. मी म्हटलं, बोटं थंड आहेत तुमची. म्हणे, लक्ष गाठीकडे दे.

दुपार टळली. "भूक लागली गं."

"माझ्या हातात गाठ आहे. सोडली तर सुटेल. बघा तुमचं तुम्ही."

 मग हे उठले आणि आत गेले. डबे वाजले. काहीतरी पडलं. पाण्याचा नळ कितीतरी वेळ चालू. जीव वरखाली होत होता माझा. पण उठले नाही! गाठ पुरी केली. सुलटी.

मंगळवार, ४ मार्च

लेकीला फोन. मला ऐकू येईल असा, दार उघडं टाकून. "आम्ही कुठे येत नाही. माझं डोकं ठीक आहे. तुझ्या आईचं तपासायला हवं होतं, पण तेही आता कामात आहे."

दातवाल्याकडे जाऊन माफी मागून आले. त्याला काय सांगितलंत, विचारलं. म्हणे, "सांगितलं, चूक झाली. सोडणारा घरचाच निघाला." संध्याकाळी तो नवा चिमटा घेऊन आला, माझ्यासाठी. न वापरलेला आहे का ते मी आधी विचारून घेतलं.

शनिवार, ८ मार्च

आता असं ठरलंय. ठरवलं कुणीच नाही, पडलंय तसं. सकाळी मी जहाजावर, हे ओट्याशी. दुपारनंतर दोघं जहाजावर.

भात करताना तांदळाला तराजू, पाण्याला तराजू, मिठाला तराजू. एवढं करून भात असा, की जाहिराती भिंतीला चिकटवाव्यात. मी टेबलावरून ओरडते — "जळतंय!" आतून — "अजून वेळ आहे!" "वास येतोय!" "वासाला माप नाही!"

जेवताना म्हटलं, मीठ कमी.

"तराजूत बरोबर होतं."

"मग तराजूला वाढा."

डबे पुन्हा उंचीप्रमाणे लावलेत. लावू देत. आता मीठ त्यांनाच काढायचंय.

बुधवार, १२ मार्च

पुढची डोलकाठी झाली. माझ्या गाठी आणि यांच्या आता कुठल्या कुणाच्या ते दातवाल्याला ओळखता आलं नाही. मला येतात. यांच्या जास्त घट्ट असतात.

इतकं बोलणं आमचं लग्न झाल्यापासून झालं नव्हतं. म्हणजे भांडणच बहुतेक. आज जहाज का बुडालं यावरून झालं. हे म्हणतात खाली वजन कमी. मी म्हटलं, नाही, राजाला सांगायची कुणाची हिंमत झाली नसेल. कारागिरांना ठाऊक असणार. घरोघरी ठाऊक असतं, सांगत कुणी नाही. यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "तू सांगितलंस." आणि दोऱ्याला मेण लावू लागले.

दोरा आधीच मेणाचा होता.

शनिवार, १५ मार्च

शेवटची पायरी मी बांधली. यांनीच सांगितलं, तू बांध. बांधली आणि दोघं मागे सरून बघत राहिलो. दोन्ही बाजू पुऱ्या. आता कुठेच काही उरलेलं नाही. पदक येणारच, असं दातवाला स्वतः म्हणून गेला. त्याच्या डोलकाठ्या अजून आडव्याच आहेत, पण तोंड वाकडं केलं नाही बिचाऱ्याने. उद्या सकाळी गाडी घेऊन येतो म्हणाला.

यांनी सदऱ्याला दोनदा इस्त्री केली. गोंदाचा थेंब तेवढा राहिलाय. म्हटलं, आत्ताच सोडून टाका. तर म्हणे, "सकाळी ताज्या डोळ्यांनी बघतो आणि मग."

म्हणजे उद्यापासून टेबल रिकामं. बरंच झालं. किती दिवस घासलेलं नाही. गरम पाण्याने घासून घेईन, ताटं मांडीन. हे त्या टोकाला, मी या टोकाला.

केवढं मोठं टेबल आहे ते. विसरलेच होते.

रविवार, १६ मार्च

दूध घेऊन आले तर डावी बाजू उघडी! सगळ्या पायऱ्या सोडलेल्या, माझ्या, यांच्या, सगळ्या. दोरा नीट गुंडाळून ठेवलेला. हे आत ओट्याशी, इस्त्रीचा सदरा अंगात, पाठ माझ्याकडे, चहा ढवळतायत.

"ढिल्या वाटत होत्या गं," म्हणाले. वळले नाहीत.

ढिल्या नव्हत्या. मी बांधल्या होत्या.

खाली गाडीचा भोंगा वाजला. मीच उतरून गेले. दातवाल्याला सांगितलं — जहाज अजून झालेलं नाही.